कऱ्हाडचा र

"दुसरी वही रिकामी दिसतेय रे," ताई म्हणाली. तिच्याकडे टोरांटोत सकाळचे साडेसात, माझ्याकडे संध्याकाळचे पाच. माझ्यासमोर तेच फोल्डर उघडं होतं, त्यात १८६ पानं, आणि फोल्डरच्या चित्राला हिरवी बरोबरची खूण. मी तिला म्हणालो, "तुझंच काहीतरी चुकतंय." पुढचे सतरा दिवस त्या वाक्याची परतफेड करण्यात गेले.

आधी वह्यांविषयी. बाबा पाटबंधारे खात्यात होते. कोयनानगर, पाटण, सातारा आणि शेवटी कऱ्हाड. जिथे बदली होईल तिथे अंगणात पर्जन्यमापक रोवायचा आणि रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजून वहीत लिहायचा, हा त्यांचा नेम. साडेआठच का, तर हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो, म्हणून. पावसाबरोबर वारा, कृष्णेचं पाणी, बाजारात ज्वारीचा भाव, कुणाच्या घरी काय झालं, असं बरंच काही. १९७१ ते २००८, एकूण तेवीस वह्या. २००५ च्या पुरात तळच्या पेटीतल्या दोन वह्या भिजल्या. २०१९ मध्ये नदी पुन्हा फुगली तेव्हा आम्ही पेटी माळ्यावर चढवली आणि तेव्हाच ठरवलं की हे सगळं स्कॅन करून ठेवायचं. ठरवणं आणि करणं यात काही वर्षं गेली, तो भाग सोडून देऊ.

व्यवस्था अशी की मी इथे कऱ्हाडच्या घरी पानं स्कॅन करायची, क्लाउडवरच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकायची, आणि ताईने तिकडे ती वाचून टंकायची. बाबांचं मोडी वळणाचं देवनागरी तिलाच लागतं. म्हणजे पानं कागदावर सुरक्षित होती, पण ताईने टंकलेला मजकूर फक्त त्या फोल्डरमध्ये होता. हे मला तेव्हा नीट उमगलेलं नव्हतं.

पहिल्या तपासणीत सापडलं ते हास्यास्पद होतं. संगणकाच्या घड्याळात १ जानेवारी २०१५ ही तारीख. आमच्या आत्याची शिस्त अशी की रात्री झोपताना भिंतीवरचं मुख्य बटण बंद. टीव्ही, संगणक, राउटर सगळे गप्प. वीज तुटली की संगणकाचं घड्याळ मदरबोर्डवरच्या नाणेवजा बॅटरीवर चालतं, आणि ती बॅटरी नऊ वर्षांची होऊन संपलेली. घड्याळ मागे गेलं की क्लाउडच्या सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र संगणकाला भविष्यातलं वाटतं, म्हणून तो जोडणीच नाकारतो. ब्राउझरने निदान तसा लाल इशारा दिला. सिंकचा, म्हणजे इकडचं-तिकडचं फोल्डर सारखं ठेवणारा, प्रोग्रॅम मात्र खालच्या कोपऱ्यात गोल फिरत बसला आणि फोल्डरवरची हिरवी खूण तशीच. ती खूण म्हणजे 'शेवटची खबर आली तेव्हा सगळं ठीक होतं' एवढंच, हे मला इथे पहिल्यांदा कळलं. सीआर २०३२ क्रमांकाची बॅटरी घड्याळवाल्याकडे मिळाली, वडापावच्या पैशात. बसवली, तारीख लावली, चक्र फिरायचं थांबलं आणि पानं चढू लागली.

चढू लागली आणि अर्ध्या तासात थांबली. जुलै महिना, दुपारी वीज गेली, मी फोनचा हॉटस्पॉट लावला. कधीतरी डेटा वाचवायला म्हणून मीच त्या हॉटस्पॉटला 'मोजकं कनेक्शन' असं ठरवून ठेवलं होतं, आणि तसं असलं की आमचा सिंक प्रोग्रॅम न बोलता विश्रांती घेतो. वीज आल्यावर सुरू. मग वेगाचा हिशोब. माझ्या जोडणीचा जो आकडा बिलावर आहे तो खाली उतरवण्याचा. वर चढवण्याचा वेग मोजला तर सेकंदाला पाच मेगाबिट. मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. आठाने भागायचं. १२ जीबीची पानं म्हणजे सव्वापाच-साडेपाच तास, तेही मध्ये काही न बिघडता. आत्याला सांगितलं, आज रात्री बटण बंद करायचं नाही. ती म्हणाली, "बिल तू भरणार आहेस ना?"

सकाळी सगळं चढलेलं होतं. सहा फोल्डर सोडून.

आता खरी गोष्ट सुरू होते. त्या सहांवर लाल फुली होती आणि प्रोग्रॅम म्हणत होता की या नावाचं फोल्डर आधीच आहे. मी क्लाउडच्या वेबसाइटवर जाऊन पाहिलं, तिथे होतंच. पण त्यातली पानं वेगळी. मग मी ते केलं जे प्रत्येक जण करतो: संगणकाची जोडणी तोडली, खातं काढलं, पुन्हा जोडलं. कुणी विचारलं तर सांगेन, हा उपाय सर्वांत शेवटी करावा आणि तोही हातात वेगळी प्रत असेल तरच. कारण पुन्हा जोडल्यावर प्रोग्रॅमला इतिहास आठवत नाही. इकडची फाईल नवी की तिकडची, हे ठरवायला त्याच्यापाशी काही उरत नाही, म्हणून शंका आली की तो दोन्ही ठेवतो. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे 'दुसऱ्या वहीतली पानं' या नावाची दोन फोल्डरं झाली. एकाखाली एक. नाव अक्षर न अक्षर सारखं. एकात १८६ पानं, दुसऱ्यात १२५.

इथे मला थांबायला हवं होतं. एका जागी एकाच नावाची दोन फोल्डरं विंडोज करूच देत नाही, हे मला वीस वर्षं माहीत आहे. कऱ्हाड नावाचंही दोनदा आलं, 'वाऱ्याच्या नोंदी' तर तीनदा. अशक्य गोष्ट डोळ्यांसमोर दिसत असताना मी तिला 'प्रोग्रॅमचं भूत' म्हटलं आणि कमी पानांचं फोल्डर डिलीट केलं.

चार मिनिटांनी ताईचा फोन. तिचा आवाज मी लिहीत नाही.

तिच्याकडे 'दुसऱ्या वहीतली पानं' पूर्ण नाहीसं झालं होतं. १२५ नव्हे, सगळं, आणि त्यात तिने टंकलेल्या एकोणीस फाईली. मी इथे एक काढलं तर तिच्याकडचं सगळंच कसं गेलं, हे दोघांनाही कळेना. भांडायला मात्र तेवढं पुरलं. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य मी स्वतः बँकेतल्या पोरांना ऐकवलेलं आहे. सिंक आरशासारखा. इकडे नाक कापलं की तिकडेही कापलेलं दिसणारच.

निभावलं ते वेबसाइटवरच्या कचरापेटीमुळे. आमच्या सेवेत काढलेली फाईल तिथे ३० दिवस राहते. घरच्या संगणकाच्या रिसायकल बिनमध्ये मी शोधत बसलो होतो, तिथे फक्त माझी १२५ होती. वेबवर मात्र सगळं सापडलं, एकोणीस फाईलींसकट. परत आणलं. त्या रात्री तिन्ही ठिकाणी, म्हणजे माझा संगणक, माझा फोन आणि ताईचा मॅक, सिंक थांबवून ठेवला आणि सगळ्याची एक प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घेऊन ती डिस्क कपाटात ठेवली. हे पहिल्या दिवशी करायचं काम मी आठव्या दिवशी केलं.

प्रत घेतानाही एक गंमत झाली. काही फाईली कॉपीच होईनात. त्या फाईलींची नुसती पाटी माझ्याकडे होती, माल क्लाउडवर. जागा वाचवायला प्रोग्रॅम असं करतो: नाव दिसतं, चित्र दिसतं, आकार दिसतो, पण प्रॉपर्टीजमध्ये 'डिस्कवरचा आकार' पाहिला तर शून्य. उजवं बटण दाबून 'या संगणकावर कायम ठेवा' असं सांगितलं, सिंक थोडा वेळ चालू केला, उतरवून घेतलं, पुन्हा बंद केला.

मग मी अडलेल्या सहांची नावं एका लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे लिहिली. दुसऱ्या वहीतली पानं. तिसऱ्या वहीतली पानं. वाऱ्याच्या नोंदी. साताऱ्याची बदली. शेतकऱ्यांचे अर्ज. कऱ्हाड. आणि शेजारी, काहीही त्रास न देणारी: कोयनानगर, पाटण, पर्जन्यमापक, पूर, सूर्यास्ताच्या वेळा. मला वाटत होतं की नाव लांब झालं असेल. विंडोजमध्ये पूर्ण वाटेला, म्हणजे वरच्या फोल्डरांची नावं धरून, साधारण २६० अक्षरांची जुनी मर्यादा आहे, आणि देवनागरीत काना-मात्राही वेगळं अक्षर म्हणून मोजली जाते, त्यामुळे आपली नावं दिसतात त्याहून लांब असतात. पण कऱ्हाड? ते तर तीन अक्षरी. नावात प्रश्नचिन्ह, विसर्गासारखी दोन टिंबं किंवा तिरकी रेघ असली तर विंडोज अडतं, तेही नव्हतं. नावाच्या शेवटी मोकळी जागा राहिली तर अडतं, तेही पाहिलं.

आत्या लसूण सोलत बसली होती. वय एकोणऐंशी, हयात मराठी शिकवण्यात गेलेली. पाकीट तिच्याकडे सरकवलं ते पाकळ्यांची सालं भरायला. तिने चष्मा वर केला, वाचलं आणि म्हणाली, "हे सगळे आचाऱ्याचे आहेत. आचार्यांचा एकही नाही."

मला कळेना. ती म्हणाली, "आचार्यांना दक्षिणा देतात, आचाऱ्यांना पगार. शाळेत शिकलास ना? पर्जन्य, सूर्य, यांत रफार. दुसऱ्या, वाऱ्या, कऱ्हाड, यांत तो दुसरा र, डावीकडून चिकटणारा. तुझ्या यंत्राला माझ्या सातवीच्या पोरांसारखाच तो जमत नाहीये."

मी पाकीट काढून घेतलं. सालं जमिनीवर सांडली. खरंच होतं. सहाच्या सहांमध्ये तो र, आणि बरोबर चाललेल्या एकातही नाही.

त्या रात्री भाचीला फोन लावला. ताईची मुलगी, सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण आम्ही तिला त्रास द्यायचा नाही असं ठरवलं होतं. ती हसली आणि म्हणाली, "मामा, दोन्ही फोल्डरांवर एफ टू दाब, नाव कॉपी कर, एक्सेलमध्ये खाली-वर पेस्ट कर आणि शेजारच्या रकान्यात लेनचं सूत्र लाव." लेन म्हणजे लांबी मोजणारं. मी फक्त 'दुसऱ्या' एवढा शब्द ठेवला. पहिल्याची लांबी ७ आली, खालच्याची ८.

डोळ्यांना तंतोतंत सारखे दिसणारे दोन शब्द, आणि एकात एक अक्षर जास्त. अंगावर काटा येतो म्हणतात तो असा. मग तिने एक-एक अक्षर सुटं करून त्याचा युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणकात त्या अक्षराला दिलेला आकडा, काढायला लावला. पहिल्यात: द, उकार, स, मग २३५३, मग हलन्त, य, काना. दुसऱ्यात: द, उकार, स, मग २३५२, मग २३६४, मग हलन्त, य, काना. २३५३ म्हणजे ऱ, खाली टिंब असलेला, एकच अक्षर. २३५२ म्हणजे साधा र आणि २३६४ म्हणजे ते खालचं टिंब सुटं, ज्याला नुक्ता म्हणतात. युनिकोडच्या नियमाने हे दोन्ही एकच आहेत, लिहायच्या दोन रीती. "वाऱ्याच्या नोंदी तीनदा आलंय म्हणालास ना? तिसरं बघ," ती म्हणाली. तिसऱ्यात साधा र, हलन्त, मग ८२०५, मग य. ८२०५ हे अक्षर दिसतच नाही. त्याला रुंदी नाही. त्याचं काम एवढंच की शेजारच्या दोघांना 'जोडून राहा' असं सांगायचं, आणि र-हलन्ताच्या पुढे ते आलं की रफाराऐवजी आपला डावीकडचा र उमटतो.

मी तिला विचारलं, एका अक्षराला तीन रीती ठेवल्या कुणी? ती म्हणाली, यात ऱ हे अक्षर मुळात मराठीसाठी नव्हतंच, द्राविडी भाषांतला तो कडक र देवनागरीत दाखवायला ठेवलेलं होतं. त्याचं अर्धं रूप म्हणजे मराठीतला हा र, अशी सोय पुढे झाली, आणि त्या न दिसणाऱ्या अक्षराची जुनी रीतही चालू ठेवली. दोन्ही वैध. आत्या मागून ऐकत होती. "द्राविडी?" एवढंच म्हणाली आणि पुन्हा मान हलवत गेली.

मग तिन्ही रूपं कुठून आली याचा माग लागला. फोनच्या कळफलकावर मी नाव टाकलं की ऱ एकच अक्षर येतं, २३५३. घरच्या संगणकावर मी अजून जुनं उच्चाराप्रमाणे टंकायचं साधन वापरतो, ते ८२०५ घालतं. आणि ताईचं? ती नाव टंकतच नाही, पण तिचं सगळं फोल्डर एका जुन्या बाहेरच्या डिस्कवर आहे. ती डिस्क मॅकच्या एचएफएस प्लस या जुन्या पद्धतीने बांधलेली. त्या पद्धतीत नाव साठवताना जोडअक्षर फोडून ठेवतात: ऱ दिलं की र आणि नुक्ता असे दोन. २०१७ मध्ये मॅकमध्ये आलेली एपीएफएस ही नवी पद्धत नाव दिलं तसं ठेवते, जुनी ठेवत नसे. फोडलेलं नाव ताईचा सिंक प्रोग्रॅम क्लाउडवर परत पाठवत होता.

आणि आता ते भूत उलगडलं. माझ्या विंडोजच्या डिस्कला ही तिन्ही नावं वेगळी. ती अक्षरांचे क्रमांक बघते, अर्थ नाही. म्हणून माझ्याकडे तीन फोल्डरं. क्लाउडचा सर्व्हर ऱ आणि फोडलेला र-नुक्ता यांना एक मानतो, पण ८२०५ वाल्याला वेगळं. म्हणून तिथे दोन, आणि ऱ चं फोडलेलं रूप वेगळं चढवायला गेलं की 'हे नाव आधीच आहे'. ताईची डिस्क तर आणखी पुढची: ती फोडलेलं एक मानते, आणि तुलना करताना ८२०५ सारखी न दिसणारी अक्षरं सोडूनच देते. तरी ८२०५ वाल्यात नुक्ता नाही, म्हणून ते तिच्याकडेही वेगळंच; ऱ आणि र-नुक्ता मात्र एकच. इकडे तीन, मध्ये दोन, तिकडेही दोन. 'दुसऱ्या वहीतली पानं' ची माझ्याकडची दोन फोल्डरं नेमकी ऱ आणि र-नुक्ता यांची. मी एक काढलं, तो निरोप तिच्याकडे पोचला, आणि तिच्याकडे काढायला ते एकच होतं.

भाची म्हणाली की न दिसणाऱ्या अक्षरांना सोडून देण्याच्या याच सवयीपायी २०१४ च्या डिसेंबरात गिटला, म्हणजे प्रोग्रॅमरांच्या फाईली सांभाळणाऱ्या साधनाला, तातडीची सुरक्षा दुरुस्ती काढावी लागली होती. म्हणजे आम्ही अगदीच गावंढळ नव्हतो. दोष तसा कुणाचाच नाही. तिघेही आपापल्या नियमाने बरोबर वागत होते. आमच्या तीन भावंडांच्या वाटणीच्या वेळी तलाठी म्हणाला होता तसंच काहीसं.

कारण कळलं तरी काम उरलंच. सहा फोल्डरांची चौदा रूपं झाली होती, वेबवरची आणि प्रोग्रॅमने केलेल्या 'संघर्ष प्रती' धरून. कोणती पानं सारखी, कोणती वेगळी, हे नावावरून ठरवायचं नाही हा धडा मिळालेला. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा मुळातच असते. तिला फाईल दिली की ती एसएचए-२५६ पद्धतीने तिचा ठसा काढून देते, चौसष्ट अक्षरी. फाईलमध्ये एक टिंब बदललं तरी ठसा पूर्ण वेगळा. भाचीने चार ओळींची फाईल लिहून पाठवली, ती सगळ्या फोल्डरांवर चालवली, ठसे एक्सेलमध्ये ओतले आणि सारखे एकत्र केले. स्कॅनची पानं एका दुपारी निकालात निघाली. तीन पानं शून्य आकाराची होती, वीज गेली तेव्हा अर्धवट राहिलेली. ती वही उघडून पुन्हा स्कॅन केली.

ताईच्या टंकलेल्या फाईलींत मात्र ठशाचा उपयोग संपतो. तो एवढंच सांगतो की दोन फाईली वेगळ्या आहेत. कोणती बरोबर ते सांगत नाही. अशा अकरा जोड्या होत्या. एकीत पहिली चार पानं सुधारलेली, दुसरीत शेवटची दोन नवी. वर्डमध्ये दोन फाईलींची तुलना करायची सोय आहे, ती फरक रंगवून दाखवते, पण निवड माणसाला करावी लागते. ते आत्याने केलं. रोज दुपारी जेवणानंतर दोन जोड्या, मूळ वही मांडीवर घेऊन. सहा दिवस. तिला बाबांचं अक्षर ताईइतकं लागत नाही, पण बाबा कुठे काय लिहितील हे तिला कळतं. तिचा थोरला भाऊ तो. १९८२ च्या एका पानावर ताईने 'वारा नैर्ऋत्य, अंगात ताप' असं टंकलं होतं. दुसऱ्या प्रतीत 'अंगणात ताप'. आत्या म्हणाली, "अंगणात पाप असेल ते, शेजारच्यांचा बोकड त्या वर्षी आमच्या तुळशीत…" आणि पुढची वीस मिनिटं फाईल तशीच राहिली. वही नीट पाहिली तर 'अंगणात ताक' होतं. सांडलं असावं.

नावांचं काय करायचं यावर घरात दोन तट पडले. भाचीचं म्हणणं, नावं सरळ रोमनमध्ये ठेवा, कटकट संपली. व्यवहाराने ती बरोबर होती. आत्याने ऐकून घेतलं नाही. "वडिलांच्या वह्या आणि नावं इंग्रजी?" मध्यम मार्ग मी काढला, आणि त्याचा मला अजून थोडा अभिमान आहे: शब्दच असे वापरायचे की तो र येणारच नाही. 'दुसऱ्या वहीतली पानं' याचं झालं 'वही दुसरी'. 'वाऱ्याच्या नोंदी' याचं 'नोंदी वारा'. 'साताऱ्याची बदली' नुसतं 'सातारा'. 'शेतकऱ्यांचे अर्ज' म्हणजे 'अर्ज शेतकरी'. सामान्यरूप टाळलं की हा र बहुतेक ठिकाणी टळतो. आत्या म्हणाली, "तारेत लिहायचे तसं झालं." पण चालवून घेतलं.

मग क्रमाने काम केलं, घाई न करता. सिंक सगळीकडे बंदच. माझ्या संगणकावर सामायिक फोल्डरच्या बाहेर नवं फोल्डर केलं, त्यात निवडलेल्या फाईली नव्या नावांनी लावल्या, पुन्हा ठसे काढून मोजणी जुळवली. वेबसाइटवर जुनं सामायिक फोल्डर न काढता त्याचं नाव 'जुनं, हात लावू नका' असं ठेवलं. नवं सामायिक फोल्डर केलं. ताईने जुन्या डिस्कवरची जोडणी काढली आणि मॅकच्या आतल्या डिस्कवर, एपीएफएसवर, नवी जोडली. मी संगणकावर टंकायचं जुनं साधन काढून इनस्क्रिप्ट हा कळफलक घेतला. त्यात ऱ ची स्वतंत्र कळ आहे, शिफ्ट दाबून इंग्रजी जे च्या जागी. बोटं अजून चुकतात. मग एकेक वही सोडायची, ताईने मोजून सांगायचं, मग पुढची. एका रात्रीत सगळं चढवण्याचा मोह झाला होता, पण आत्याचं बटण बंद करण्याचं धोरण तोवर पूर्ववत झालं होतं.

राहिलं एकच. कऱ्हाड. त्याला सामान्यरूप नाही की पर्यायी शब्द नाही. मी म्हणालो, स्टेशनवरच्या पाटीवर कराड आहे, सरकारी कागदावर कराड आहे, तेच लिहू, संगणकाचाही जीव सुटेल. आत्या म्हणाली, "स्टेशनवाल्यांना विचारून आपण बोलतो का? कऱ्हाडे ब्राह्मण म्हणतात, कराडे नव्हे. गावाचं नाव कऱ्हाड." ताईने टोरांटोहून आत्याच्या बाजूने मत दिलं. शेवटी मी फोनवर नाव टंकलं, स्वतःलाच पाठवलं, एक्सेलमध्ये लांबी मोजली. क, २३५३, हलन्त, ह, काना, ड. सहा. तोच शब्द तिघांना पाठवून सांगितलं, हे नाव कुणी हाताने टंकायचं नाही, इथून उचलायचं. फोल्डर चढलं. ताईकडे उतरलं. एकच उतरलं. हिरवी खूण आली, तरी मी वेबवर जाऊन आत पाहून आलो. हल्ली पाहतोच.

परवा ताईचा निरोप आला. ती आता एकोणिसाव्या वहीत आहे, कऱ्हाडच्या काळातल्या. पानाचा फोटो आणि खाली एक ओळ: "आत्याला दाखवू नकोस." ३ ऑगस्ट, पाऊस ६१ मिलिमीटर, कृष्णा-कोयना दोन्ही दुथडी. आणि तारखेच्या वर, बाबांच्या स्वच्छ अक्षरात, गावाचं नाव. कराड.

मी पुढची पानं चाळली. पुढच्या पानावर कऱ्हाड आहे. त्याच्या पुढच्यावर पुन्हा कराड.